भट्टीत सोडलेला धागा

१

दोष मॅलकी ओ'ड्राईनचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात विचारलंत तर लोक लोर्कनकडे बोट दाखवतील, आणि विद्यापीठात विचारलंत तर कुणी तोंड उघडणार नाही. तिथे जिन्याच्या वळणावर मॅलकीची तसबीर लागली आहे.

मॅलकी जुन्या केल्टिक शब्दांचा प्राध्यापक. साठी उलटलेली, दाढी विंचरलेली, आवाज असा की ‘दार लावून घ्या’ म्हणाला तरी पोरं वहीत उतरवून घेत. लोर्कनही घ्यायचा. लोर्कनचा बाप लवकर गेलेला, म्हणूनही असेल, पण मॅलकीने एकदा पाठीवर हात ठेवला की तो त्याला आठवडाभर पुरायचा. मार्टिनकाकाच्या शेतात ओट वाळवायची जुनी दगडी भट्टी आहे, आणि घरातली जुनी माणसं तिच्याजवळ गेली की गप्प होत, ही गोष्ट मॅलकीला सांगितली ती लोर्कननेच. म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. त्याने त्या भट्टीवर संशोधन काढलं, वरून मंजुरी आणली, आणि काम दिलं फिंटनला, वर्गातल्याच दुसऱ्या पोराला. फिंटनने जन्मात ओट पाहिले होते ते दुधात भिजलेले, वाडग्यात.

लोर्कनने त्याच आठवड्यात विद्यापीठ सोडलं आणि काकाच्या शेतावर परतला. त्याला वाटलं होतं, कुणीतरी थांबवेल. उना तरी. उना दोन वर्षं त्याची होती. विद्यापीठाजवळ एका दुकानावरच्या खोलीत दोघांचा एकच चहाचा कप होता. ती म्हणाली, “तुला जायचंय तर जा, पण मी माझी पदवी का सोडू?” बरोबरच होतं तिचं. बरोबर बोलणारं माणूस जास्त टोचतं.

तर साउनचा दिवस होता. सुगी संपल्याचा, थंडी दारात आल्याचा सण. लोर्कन सकाळी उठला, गाईंना चारा टाकला, शेण ओढलं, आणि काकाने सांगितलं म्हणून केरसुणी घेऊन भट्टी झाडायला गेला. पाहुणे यायचे होते. मॅलकी भट्टी पेटवून बघणार होता.

भट्टी टेकाडाच्या उतारात आहे. वरच्या अंगाला दगडांनी बांधलेला गोल खड्डा, छातीएवढा खोल, त्यावर पत्र्याचं छप्पर. खड्ड्याच्या तळातून एक दगडी नळी जमिनीखालून उतारावर खाली जाते आणि खालच्या अंगाला चुलीच्या तोंडाशी उघडते. खाली विस्तव करायचा, ऊब नळीतून वर यायची, खड्ड्यावर काटक्या आणि पेंढा घालून त्यावर ओट पसरायचे. एवढंच. नळीची लांबी आडव्या झोपलेल्या माणसाएवढी असेल. रुंदी, मांजर अंग चोरून जाईल इतकी.

लोर्कनने वरचा खड्डा झाडला. जुन्या फोलपटांचा केर उडाला आणि नळीच्या तोंडातून आत ओढला गेला, शांतपणे, जसं पाणी मोरीत जातं. वारा खाली जातोय, त्याला वाटलं. मग तो खालच्या अंगाला गेला. चुलीच्या तोंडाशी वाळलेलं नेच्याचं पान होतं. ते नळीकडे झुकलेलं होतं. त्याने चिमूटभर फोलपटं तिथे सोडली. तीही आत गेली.

तो पुन्हा वर आला. पुन्हा खाली गेला. वारा एका तोंडातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन्हीकडून आत शिरत असेल तर तो जातो कुठे?

दगडांना फटी असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. जुनं बांधकाम. मग केरसुणी तिथेच टाकून तो घरी गेला.

२

मॅलकीची गाडी आली तेव्हा मार्टिनकाका कोट घालून फाटकात उभा होता. एरवी हा माणूस पुतण्याला दुपारी जेवलास का विचारत नसे. मॅलकीने व्हिस्कीची बाटली पुढे केली तसा तो वाकून दार उघडायला धावला.

“या, प्रोफेसर, या. आमची झोपडी म्हणजे काय, तुमच्या पायाशी. ए लेका, सामान घे ना.”

लोर्कन हलला नाही. तो उनाकडे बघत होता. उना मागच्या दाराने उतरली, केस वाऱ्याने तोंडावर आलेले, आणि अंगात एक मोठा हिरवा कोट. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. त्यामागून फिंटन उतरला, नुसत्या स्वेटरवर, थंडीने नाक लाल झालेला.

“काय शेतकरीबुवा,” फिंटन म्हणाला. “गाई काय म्हणतात?”

“तुझी आठवण काढतात. शेण उचलायला माणूस हवाय म्हणतात.”

उना हसली. जुनं हसू, नाकातून सुरू होणारं. लोर्कनला बरं वाटलं, पण ते हसू वळून फिंटनवर जाऊन थांबलं.

“कोट कुणाचा?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मला थंडी वाजत होती, लोर्कन.”

“मी कोट कुणाचा विचारलं.”

“आणि मी उत्तर दिलं.” ती पुढे निघून गेली.

मॅलकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “कसा आहेस, मुला? रंग छान चढलाय. मातीतला माणूस मातीत शोभतो.” आणि लगेच, हात तिथेच ठेवून, “फिंटन, ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेतलंस ना? शाबास.”

३

जुने शब्द शोधायचा हा धंदा असा चालतो. आयर्लंडमध्ये अशा भट्टीला जुना शब्द आहे ‘आह’. झिजून झिजून शब्दाचा नुसता उसासा उरलाय. समुद्रापलीकडे वेल्समध्ये तिलाच म्हणतात ‘ओडिन’. दोघी बहिणी, तोंडावळा जुळत नाही, हाडं जुळतात. पार तिकडे पारशांच्या अग्यारीतल्या अग्नीचं नाव आहे, तेही याच कुळातलं मानतात. मग लेकींच्या तोंडांवरून न पाहिलेल्या आईचं चित्र काढायचं. चित्र काढून झालं की शब्दाच्या आधी एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे कबुली, की हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, जिवंत माणसाने ऐकलेला नाही. आम्ही मागे मागे जात तो जोडलाय. चांदणीवाला शब्द होता ‘आतिस्’. पुस्तकांत त्याचा अर्थ देतात: भट्टी, चूल.

मॅलकीला तो अर्थ पटत नव्हता.

“वस्तू नंतर आली,” खड्ड्याच्या काठावर उभा राहून तो सांगत होता. “आधी कुणीतरी होतं. धान्य घरात यायच्या आधी ज्याच्यापुढे ठेवायचं, तो. त्याच्या जागेला त्याचं नाव पडलं, आणि मग लोक त्याला विसरले.”

“तो म्हणजे कोण, सर?” उनाने विचारलं.

“ते मला काय ठाऊक? मी शब्दांचा माणूस आहे, उना.”

फिंटन हसला. फिंटन प्रत्येक वाक्याला हसायचा; त्याबद्दलच त्याला नेमलं होतं, असं लोर्कनला वाटायचं.

मॅलकीला उच्चार ठरवायचा होता. कुठला स्वर लांब, कुठे भार. दगडी पोकळीत स्वर उघडा पडतो, असं त्याचं म्हणणं. खताचं रिकामं पोतं अंथरून हा म्हातारा पोटावर आडवा झाला आणि खड्ड्यात डोकं घातलं. मागून त्याच्या विजारीची शिवण उसवलेली दिसत होती.

“आधी तू काहीतरी बोल,” तो फिंटनला म्हणाला.

फिंटनने वाकून आपलंच नाव पुकारलं. नळीने ते जसंच्या तसं परत दिलं, थोडं जाड करून. मग उनाने आपलं नाव दिलं. उना, म्हणाली भट्टी. मार्टिनकाकाने शिवी दिली. तीही परत आली आणि सगळे हसले.

मग मॅलकीने चांदणीवाला शब्द उच्चारला.

काही आलं नाही.

“जोरात म्हणा, सर.”

त्याने जोरात म्हटला. पहिला स्वर ओढून म्हटला. तोडून म्हटला. शेवटचा सकार जिभेखाली दाबून म्हटला. प्रत्येक वेळी शब्द नळीत गेला आणि गेलाच. मधेच फिंटनने शीळ घातली. शीळ तेवढी लगेच परत आली. वारा असेल, लोर्कनने स्वतःला समजावलं. तो काठावर बसून फोलपटांकडे बघत होता. सकाळपासून ती नळीकडे सरकत होती, एकेक, न थांबता.

मॅलकीने शब्द आणखी एकदा म्हटला. फार हळू, जवळजवळ प्रेमाने. आणि फोलपटं थांबली.

शेजारच्या खोलीत कुणी काम करत असावं, आणि आपलं नाव कानावर पडताच त्याचे हात थांबावेत, तशी थांबली.

“हाच,” मॅलकी उठून गुडघे झटकत म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “हाच उच्चार. कानाला कळतं. नोंदवलंस, फिंटन?”

लोर्कनने फोलपटांचं सांगितलं असतं तर फिंटन हसला असता, आणि उनाही.

४

जेवणाआधी भट्टी पेटवली. म्हणजे पेटवायचा खेळ केला. लोर्कनने दलदलीतली माती कापून वाळवलेलं जळण चुलीच्या तोंडात रचलं, काडी लावली. जाळ धरला. धूर नळीत शिरला. वर खड्ड्यावर ओट पसरून मार्टिनकाका आणि मॅलकी हात चोळत उभे.

“आला का?” लोर्कनने खालून विचारलं.

“कसला येतोय,” काका वरून ओरडला. “तू नीट पेटव की, गाढवा.”

“इथे ढणढण जळतंय.”

धूर आत जात होता. वर येत नव्हता. उलटून खालीही येत नव्हता. गाडीभर धूर त्या मांजराएवढ्या नळीत गेला आणि कुठूनच निघाला नाही. ओटखालचा पेंढा गारच राहिला. मग जाळ एकाएकी बसला, जळण अर्धं शिल्लक असताना, जसं ताटावरून कुणी पोट भरून उठावं. लोर्कनने राखेत हात घातला. राख थंड होती.

“जळण ओलं असेल,” मॅलकी म्हणाला.

“असेल,” काका म्हणाला. दोघेही एकमेकांकडे न बघता घराकडे वळले. म्हाताऱ्यांची ही एक चाल असते. नको ती गोष्ट दिसली की जेवायची वेळ होते.

जेवणात साउनचा पाव होता, बेदाण्यांचा, आत अंगठी भाजलेला. ज्याच्या फोडीत अंगठी निघते त्याचं वर्षाच्या आत लग्न. ती निघाली फिंटनच्या फोडीत. त्याने ती जिभेवरून काढली, रुमालाला पुसली आणि टेबलावरून हात लांब करून उनाच्या बोटात घातली.

“थुंकी लागलीय, शी,” उना म्हणाली. पण काढली नाही.

लोर्कनने सुरी पावात तशीच रोवून ठेवली.

“आमच्या वेळी अंगठीवर भागत नसे,” मार्टिनकाका व्हिस्कीने सैल झाला होता. “पोरी आज संध्याकाळी भट्टीवर जायच्या. एकेकटी. लोकरीचा गुंडा नळीत सोडायचा, एक टोक हातात ठेवायचं, आणि उलटा गुंडाळत बसायचं. शेवटाला धागा अडायचा. कुणीतरी धरायचं. मग विचारायचं, कोण धरतंय? जे नाव ऐकू येईल तो नवरा.”

“आणि ऐकू यायचं?” उनाने विचारलं.

“पोरं खाली लपून बसायची, दुसरं काय. ज्याला जी हवी त्याने तिचा धागा धरायचा.” काका फिदीफिदी हसला. मग हसू अर्ध्यात गिळून त्याने पेला उचलला.

“मी जाणार,” उना म्हणाली.

“कशाला?” लोर्कन म्हणाला.

“गंमत. सर, संशोधनात बसतं ना?”

“बसतंच,” मॅलकी म्हणाला. “हजारो वर्षांची प्रथा. जा, जा. पण एकटीने जायचं बरं का. नियम म्हणजे नियम.”

फिंटनने तिच्याकडे बघून एक भुवई उचलली. लोर्कनने ती भुवई पाहिली. त्याच क्षणी त्याच्या डोक्यात शिरलं, की फिंटन खाली जाऊन लपणार, धागा धरणार, आपलं नाव सांगणार, आणि उना ते ऐकून नाकातून हसणार.

५

दिवेलागणीला लोर्कन गोठ्याच्या मागून निघाला आणि वाकून टेकाडाच्या खालच्या अंगाला आला. तिथे कुणी नव्हतं. फिंटनच्या आधी पोचलो, त्याला वाटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली. तो राखेत आडवा झाला, डावा हात खांद्यापर्यंत नळीत घातला आणि वाट बघू लागला. दगड गार होते, ओलसर. हाताच्या केसांवरून वारा आत सरकत होता.

वर पावलं वाजली. उना गुणगुणत होती. छपराचा पत्रा करकरला.

मग लोकरीचा गुंडा नळीतून उतरत आला आणि त्याच्या तळव्याला लागला. घरी कातलेली, जाड, तेलकट लोकर. लोर्कनने धागा चिमटीत धरला. मग विचार केला, चिमटीतून निसटेल. आणि अनामिकेभोवती दोन वेढे घेतले, घट्ट.

उना गुंडाळू लागली. धागा हळूहळू ताणत आला. तिचे हात त्याला धाग्यातून कळत होते. तिची ती सवय, दोनदा ओढून मग जरा थांबायची. खोलीत ती दिव्याची दोरी अशीच ओढायची. त्याचे डोळे भरून आले, हे इथे सांगायला हवं. त्याला फसवाफसवी करायची नव्हती. त्याला नाव सांगायचं होतं, आपलं, आणि ती ‘अरे गाढवा’ म्हणून खाली धावत येईल, एवढंच हवं होतं.

धागा ताठ झाला. वर सगळं शांत.

“कोण धरतंय?” उनाने विचारलं. आवाज नळीतून आला, थोडा जाड होऊन.

लोर्कनने तोंड उघडलं. आणि त्याआधी कुणीतरी उत्तर दिलं.

ते कानांनी ऐकू आलं असं नाही म्हणता येणार. ते धाग्यातून आलं. अनामिकेच्या हाडात वाजलं, मग कोपरात, मग दाढांमध्ये. वरून नव्हतं. त्याच्या बाजूनेही नव्हतं. मधून होतं.

पहिला विचार आला, फिंटन. हरामखोर आत आहे. मांजर जेमतेम शिरेल अशा नळीत पुरुष कसा असेल, हा विचार दुसरा आला, आणि दुसऱ्या विचाराला मत्सर ऐकत नसतो. त्याने धागा ओढला. जिवाच्या आकांताने ओढला. तिकडून तो तितकाच ओढला गेला, चिडून नाही. सहज, जसं कुत्र्याच्या पिल्लाशी खेळताना ओढतात. सोडून द्यायला तेव्हा वेळ होता. वेढे त्याच हाताच्या अंगठ्याने सैल करता आले असते. त्याने दुसऱ्या हाताने नळीची कड धरली आणि आणखी जोर लावला.

आणि घराकडून, अंगणातून, फिंटनचं हसू आलं. स्वच्छ, लांबवर. मार्टिनकाका काहीतरी सांगत होता, मॅलकीचा आवाज होता, आणि फिंटन नेहमीप्रमाणे प्रत्येक वाक्याला हसत होता.

लोर्कनने मोकळ्या हाताने खिशातला फोन काढला आणि उजेड नळीत टाकला.

त्याचा धागा आत जात होता. समोरून उनाचा धागाही आत येत होता, वरून खाली. दोन्ही धागे नळीच्या मध्यावर येत होते आणि तिथे एक गुंडा फिरत होता, अधांतरी. सावकाश, नेटका फिरत होता आणि मोठा होत होता. गुंडाळणारं काही दिसत नव्हतं. फक्त फिरता फिरता तो दोनदा ओढून जरा थांबायचा. उनासारखा.

“उना, सोड,” तो ओरडला. “धागा सोड.” नळीने त्याचं ओरडणं जसंच्या तसं त्याला परत दिलं. वर काही गेलं नाही.

मग वर उनाने तो शब्द म्हटला. मॅलकीचा, चांदणीवाला, नेमक्या त्याच उच्चारात, हळू. पण वर्गात म्हणतात तसा नाही. अंधारात शेजारी झोपलेल्या माणसाचं नाव खात्रीसाठी घ्यावं, तसा.

धागा सैल पडला. लोर्कन मागे राखेत आदळला. हात बाहेर आला तेव्हा अनामिकेवर लोकर दिसत नव्हती. मांसात गेली होती.

६

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, यंत्रात अडकलं का. लोर्कन हो म्हणाला. बोट आधी पांढरं, मग काळं झालं.

फिंटन भेटायला आला, द्राक्षं घेऊन. बराच वेळ खुर्चीत बसून स्वतःच द्राक्षं खात राहिला.

“ती माझ्याशी बोलत नाही रे,” शेवटी म्हणाला. “कोट परत केला. अंगठी पण. मी काय केलं सांग ना.”

“काही नाही केलंस.”

“तुझ्याकडे परत आली की काय?”

“नाही.”

फिंटनने मान हलवली. खाटेवर पडल्या पडल्या लोर्कनला एक घाणेरडा आनंद झाला. तुलाही नाही. त्या आनंदावर त्याने दवाखान्यातले दिवस काढले.

उना एकदाच आली. दाराशी उभी राहिली, त्याच्या पट्टीकडे बघत.

“खाली तू होतास?” तिने विचारलं.

“हो.”

“मग तू धागा का धरलास?” तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने दुसऱ्याच्या पानावर बसावं आणि त्याला हळूच विचारावं, तसं विचारलं तिने. उत्तरासाठी थांबली नाही.

७

मॅलकीचा निबंध वसंतात छापून आला. उच्चाराचा प्रश्न निकालात निघाला, असं त्यात होतं. प्रतिध्वनीबद्दल काही नव्हतं. धुराबद्दल काही नव्हतं. आभारांत मार्टिनकाकाचं नाव होतं, फिंटनचं होतं. लोर्कनचं नव्हतं. मॅलकीला मानाचं पद मिळालं, आणि जिन्यात तसबीर लागली.

उनाने पदवी सोडली. ज्या पदवीसाठी तिने लोर्कनला जाऊ दिलं होतं तीच. ओट पेरायच्या सुमारास ती सामान घेऊन मार्टिनकाकाच्या दारात आली आणि उतारावरची, भट्टीजवळची बंद पडलेली खोली भाड्याने मागितली. काकाने किल्ली दिली. पुतण्याला विचारलंही नाही.

“का दिलीस?” लोर्कनने त्याला गोठ्यात गाठलं.

“रिकामी होती. नोरा गेल्यापासून रिकामीच आहे.”

नोरा म्हणजे काकाची थोरली बहीण. लोर्कनला ती पुसट आठवत होती. उतारावर बसलेली, मांडीत लोकर.

“नोराआत्या तिथे का राहायची?”

मार्टिनकाका गाईच्या सडाकडे बघत बसला. “तिनेही साउनला धागा टाकला होता. खाली कुणी पोर नव्हतं. बाहेरून आम्ही सगळे बघत होतो ना. पण धागा कुणीतरी धरला.”

“आणि?”

“आणि काय. ती विचारायची, कोण धरतंय. जन्मभर विचारत राहिली. ते धरायचं, सोडायचं नाही. पण बोलायचं कधीच नाही.” त्याने हात पुसले. “सांगायला नावच नसेल, लेका. काय सांगणार बिचारं.”

लोर्कनच्या डोळ्यांपुढे मॅलकी आला. पोत्यावर पालथा, शिवण उसवलेला, खड्ड्यात डोकं घालून एकच शब्द पुन्हा पुन्हा घासूनपुसून आत सोडणारा, अगदी बरोबर लागेपर्यंत.

“तुला हे ठाऊक होतं,” तो म्हणाला. “आणि तू जेवताना गंमत म्हणून सांगितलंस.”

“अरे, प्रोफेसर एवढे आलेले. काहीतरी सांगायला नको? आणि वाईट काय झालं? नोरा सुखातच होती.”

लोर्कनने त्याला मारलं नाही. बादली तेवढी लाथेने उडवली आणि बाहेर पडला.

दुपार होती, स्वच्छ ऊन. टेकाडावर ओटचे कोंब वर आले होते. उना खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली होती, उघड्या डोक्याने, आणि तिच्या बोटांतून एक धागा नळीत गेला होता. धागा ताठ होई, सैल होई, पुन्हा ताठ होई. घाई कसलीच नव्हती. ती हळू आवाजात काहीतरी बोलायची आणि थांबायची. थांबायची ती कुणाचं ऐकत असल्यासारखी. मग मान खाली घालून काहीतरी उत्तर द्यायची.

लोर्कन कुंपणाशी उभा राहिला. वाचवावं असं त्याच्या मनात आलं नाही, हे खरं आहे. त्याच्या मनात आलं, की आपल्याशी ती इतका वेळ कधी बोलली होती? फिंटनचा राग आता आठवूनही येत नव्हता. फिंटन म्हणजे काय, कोट होता एक.

धागा दोनदा ओढला गेला आणि जरा थांबला. उना हसली. नाकातून सुरू होणारं, जुनं हसू.

“उना,” त्याने हाक मारली.

तिने वळून पाहिलं. भरल्या घरातून कुणी दारावरच्या माणसाकडे बघतं, तसं पाहिलं. ओळखलं तिने, नाही असं नाही. मग ती पुन्हा खड्ड्याकडे वळली आणि आत कुणाला तरी म्हणाली, “कुणी नाही.”

मॅलकीचं काही गेलं नाही. लोर्कनची डाव्या हाताची अनामिका गेली, मुळापासून, आणि उना.